उत्तरेचा गळा

१९२६ सालच्या ८ मार्चला वेलिकी उस्त्युग या जुन्या नदीकाठच्या गावात एका हौशी गायकवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. जागा होती शिक्षक-कर्मचाऱ्यांचे सभागृह. वृंद उभा केला होता अंतोनिना कोलोतिलोवा या शिक्षिकेने. १८९० साली जवळच्याच झीलिनो खेड्यात त्यांचा जन्म झाला. मुलींच्या माध्यमिक शाळेतून त्या उत्तम गुणांनी बाहेर पडल्या आणि पुढे खेड्यातल्या शाळेत शिकवू लागल्या. संध्याकाळी घरोघर सूतकताईला बसलेल्या बायकांची गाणी, लग्नघरातले नवरीचे विलाप, सणावाराचे फेर हे सारे त्यांनी शेजारीपाजारी ऐकले, शिकले आणि उतरवून घेतले. त्या वृंदाला पुढे सरकारी मान्यता मिळाली, ‘अकादमिक’ हा मानाचा किताबही मिळाला. आज तो ‘उत्तर रशियन लोकगायकवृंद’ म्हणून ओळखला जातो आणि त्याचे घर आर्खांगेल्स्क शहरात आहे. या घराण्याची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू.

घराणे हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ‘रशियन लोकगीत’ म्हटले की बाहेरच्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते: डोक्यावर चमचमता मुकुट, हातात तीनकोनी बालालाइका आणि तोंडी ‘कालिन्का’ नाहीतर ‘कात्यूशा’. यांतली ‘कालिन्का’ १८६० साली इवान लारिओनोव्ह या संगीतकाराने लिहिली. ‘कात्यूशा’ तर १९३८ची. तिची चाल मात्वेय ब्लान्तेर यांची आणि शब्द मिखाईल इसाकोव्स्की यांचे. दोन्ही गाणी सुरेख आहेत, लोकांनी ती आपली मानली आहेत, पण ती कोणत्याच एका मुलखाची नाहीत. खेड्यातले गाणे मात्र नेहमी कुठल्या तरी एका नदीचे, एका खोऱ्याचे असते. वोरोनेझची बाई गाते तसे पिनेगा नदीकाठची बाई गात नाही, आणि दोघींना एकमेकींची चाल चटकन उचलताही येणार नाही. प्रादेशिक वृंदांचे खरे काम हा फरक जपणे हेच आहे. ते काम जिथे नीट झाले तिथे कला टिकली, आणि जिथे ते मागे पडले तिथे फक्त पोशाख उरला.

आधी मुलूख समजून घ्यायला हवा. सुखोना आणि यूग या नद्या वेलिकी उस्त्युगपाशी मिळतात. तिथून निघालेला प्रवाह उत्तर द्विना या नावाने श्वेत समुद्राला जाऊन मिळतो. मुखाजवळ आर्खांगेल्स्क, १५८४ साली वसवलेले बंदर. पूर्वेला पिनेगा, मेझेन, पेचोरा. काठाकाठाने लाकडी घरांची खेडी आणि त्यांच्यामागे कोसच्या कोस देवदार, भूर्ज, दलदल. नोव्हगोरोदहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी हा प्रदेश मध्ययुगात आपलासा केला. समुद्रकाठच्या या लोकांना पोमोर म्हणतात; मासेमारी, सीलची शिकार, मीठ उकळणे आणि होड्या बांधणे हे त्यांचे धंदे. मध्य रशियातली जमीनदारी वेठबिगारी इथे फारशी पोचली नाही. बहुतेक शेतकरी थेट राज्याचे करदाते होते. या मोकळेपणामुळे इथल्या माणसांचा ताठ कणा आणि इथल्या गाण्याचा संथ डौल घडला असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्यात तथ्य आहे.

इथल्या गाण्याला घडवणारे दुसरे कारण हिवाळ्याचे. शिकारीसाठी नोव्हाया झेम्ल्यासारख्या बेटांवर गेलेल्या टोळ्यांना महिनोन् महिने अंधारात लाकडी झोपडीत काढावे लागत. अशा टोळीत आख्यान गाणारा माणूस असला तर त्याची किंमत मोठी. म्हणून कीव्हचा राजा व्लादिमीर आणि महावीर इल्या मुरोमेत्स यांची पुराणी वीरगाथा, जिला रशियन भाषेत ‘बिलीना’ म्हणतात, ती कीव्हपासून दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर, बर्फाच्या काठी जिवंत राहिली. दक्षिणेत ती केव्हाच विस्मरणात गेली होती. १८६०च्या दशकात पावेल रिब्निकोव्ह यांनी ओनेगा सरोवराकाठी गोळा केलेल्या गाथा छापल्या, तेव्हा पीटर्सबर्गच्या विद्वानांना आधी विश्वासच बसेना. १८७१ मध्ये अलेक्सांद्र गिल्फर्दिंग स्वतः जाऊन ऐकून आले आणि शंका मिटली. शतकाच्या अखेरीस अलेक्सेय मार्कोव्ह यांनी श्वेत समुद्राचा काठ आणि अलेक्सांद्र ग्रिगोर्येव्ह यांनी पिनेगा-मेझेनचे खोरे पालथे घातले.

ग्रिगोर्येव्ह यांना १९०० साली पिनेगाच्या खोऱ्यात मारिया क्रिवोपोलेनोवा भेटल्या. ही बाई दारोदार भीक मागून जगत होती. अंगाने लहानखुरी, अक्षरओळख नाही, पण मुखात गाथांचा खजिना. आजोबांकडून ऐकलेली गाणी त्यांनी जशीच्या तशी जपली होती. त्यांत ‘वाविलो आणि स्कोमोरोख’ हे आख्यान होते. स्कोमोरोख म्हणजे जुन्या रशियातले फिरते वादक, नकलाकार, अस्वलवाले. १६४८ साली झार अलेक्सेय मिखाइलोविच यांनी त्यांच्यावर बंदी घातली आणि त्यांची वाद्ये मोडून जाळण्याचा हुकूम काढला. जे कलावंत राजाज्ञेने पुसायचे ठरवले होते, त्यांनाच संतपद देणारे हे आख्यान अडीच शतकांनंतर एका भिकारणीच्या तोंडी सापडावे, ही लोकस्मृतीची मोठीच कमाल आहे.

क्रिवोपोलेनोवांची कथा इथे संपत नाही. १९१५ साली अभिनेत्री आणि लोककथा-संग्राहक ओल्गा ओझारोव्स्काया यांनी त्यांना मॉस्कोला नेले. सत्तरी ओलांडलेली ही आजी हजारो शहरी श्रोत्यांपुढे उभी राहिली आणि तिने सभागृह जिंकले. आख्यान रंगात आले की ती श्रोत्यांनाही झील धरायला लावत असे. शिल्पकार सेर्गेई कोनेन्कोव्ह यांनी लाकडात तिची मूर्ती कोरली. शाळकरी मुलांनी तिच्यावर भेटींचा वर्षाव केला. मग ती आपल्या खोऱ्यात परतली, पुन्हा दारिद्र्यातच राहिली आणि १९२४ साली गेली. खेड्यातले गाणे मंचावर येते तेव्हा काय घडते याचे सगळे प्रश्न या एका आयुष्यात सापडतात. टाळ्या कुणाला मिळतात, पोट कुणाचे भरते, आणि गायिका घरी परतल्यावर तिच्या गावात काय उरते? कोलोतिलोवांनी वृंद बांधला तो आजीच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, त्याच उत्तरेच्या मातीत.

आता गळ्याकडे वळू. उत्तर रशियाच्या बोलीत ‘ओ’ हा स्वर आघात नसतानाही गोल आणि पूर्ण उच्चारतात. मॉस्कोचा माणूस दुधाला ‘मलाको’ म्हणेल, तर द्विनाकाठची बाई ‘मोलोको’ म्हणेल. हा फरक कानाला किरकोळ वाटेल, पण त्यावर गाण्याचा सारा पोत उभा आहे. गोल ‘ओ’मुळे ओठ पुढे येतात, जबडा सैल राहतो, आवाज मऊ आणि एकसंध होतो. दक्षिणेकडच्या वोरोनेझ, बेल्गोरोद भागातल्या बायका छातीतून, खुल्या गळ्याने गातात. त्यांचे गाणे रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचे असते. उत्तरेचे गाणे आवरून धरलेले असते. बाई ओरडत नाही, हातवारे करत नाही. चेहऱ्यावर हसू असलेच तर डोळ्यांत असते. ज्याला प्रथम हे गाणे थंड वाटते त्याने ते दुसऱ्यांदा ऐकावे. त्यात दडपलेला ताण आहे आणि तोच त्याचा जीव आहे.

लांबण लावून गायची संथ गाणी या परंपरेचे मर्मस्थान. एक बाई गाणे उचलते. अर्ध्या ओळीवर बाकीच्या सामील होतात. मग आवाज फुटतात: कुणी मूळ चालीखाली राहते, कुणी वर जाते, कुणी मधून वाट काढते. ही वाट लिहून दिलेली नसते. प्रत्येक बाई तीच चाल आपल्या परीने गात असते आणि ओळीच्या शेवटी सगळ्या पुन्हा एका स्वरावर येतात. एकेका अक्षरावर अनेक स्वर फिरतात. मध्येच शब्द तोडतात, ‘ओय’, ‘दा’ असे उद्गार घालतात आणि मग तोच शब्द पुन्हा पूर्ण करतात. श्वासाचीही एक युक्ती आहे. सगळ्या जणी एकदम श्वास घेत नाहीत. शेजारणीने घेतला की आपण धरून ठेवायचे, तिने धरले की आपण हळूच घ्यायचा आणि परत येताना आवाजात धक्का बसू द्यायचा नाही. याला ‘साखळी श्वास’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, या बायकांना श्वास लागतच नाही. प्रत्यक्षात प्रत्येकीला शेजारणीच्या बरगड्यांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणूनच वेगवेगळ्या गावच्या उत्तम गायिका एकत्र केल्या म्हणजे वृंद होत नाही. त्यांना एकमेकींचा श्वास कळायला काळ जावा लागतो.

या गाण्यांची रचना कागदावर आणायची कशी, हा प्रश्न संग्राहकांना छळत होता. एक माणूस एकाच वेळी चार आवाज ऐकून लिहू शकत नाही. १८९७पासून येवगेनिया लिन्योवा फोनोग्राफ घेऊन खेड्यांत फिरल्या. त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर सामूहिक गाणी मुद्रित केली आणि १९०४ व १९०९ मध्ये त्यांचे स्वरलेखन प्रसिद्ध केले. खेडुतांचे अनेकस्वरी गाणे हा गोंधळ नाही, त्याला स्वतःचे व्याकरण आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

नृत्याचीही तीच तऱ्हा. उत्तरेच्या फेराला ‘खोरोवोद’ म्हणतात आणि तो ‘नाचत’ नाहीत, ‘चालवतात’. बायका पाऊल उचलताना दिसत नाहीत. लांब साराफान झग्याच्या घेराखाली पावले इतकी छोटी आणि सारखी पडतात की बाई जमिनीवरून वाहत चालल्यासारखी दिसते. खांदे स्थिर, मान ताठ, हातात रुमालाचे टोक. फेराचे आकारही बघण्याजोगे असतात: वर्तुळ, नागमोडी रांग, समोरासमोर येऊन एकमेकांतून निसटणाऱ्या दोन ओळी, जोड्यांची मिरवणूक. पिनेगाच्या खोऱ्यात सणाच्या दिवशी मुली पेटाऱ्यातले सगळ्यांत भारी कपडे घालून गावाच्या मोकळ्या जागी जमत. त्या मेळ्याला ‘मेतिश्चे’ म्हणत. सोयरीक जुळवायला आलेल्या वडीलधाऱ्यांची नजर तिथे कपड्यांवर असे, तशीच चालीवरही असे. पेचोराकाठच्या उस्त-त्सिल्मा गावात, जुन्या धर्मविधीला धरून राहिलेल्यांच्या वस्तीत, ‘गोर्का’ नावाचा असा फेर आजही दर जुलैत निघतो आणि बायका आजी-पणजीचे रेशीम अंगावर घालून येतात.

पोशाखात कुमारिका आणि विवाहिता यांचा भेद कडक होता. मुलीची डोक्यावरची पट्टी वरून उघडी, पाठीवर एकच वेणी मोकळी. लग्न झाले की केस पूर्ण झाकायचे. कोकोश्निक हा तो प्रसिद्ध मुकुट विवाहितेचा. त्यावरचे मोती समुद्रापारचे नसत, ते उत्तरेच्याच नद्यांतल्या शिंपल्यांचे असत. आजच्या मंचावर हा भेद अनेकदा पुसला जातो आणि वीस वर्षांच्या मुली सरसकट कोकोश्निक घालून नाचतात. प्रेक्षकाला ते आवडते, पण पिनेगाच्या आजीने अशा मुलीला नक्की टोकले असते.

फेराच्या जोडीला क्वाड्रिल आले. हे नृत्य मूळ फ्रेंच. एकोणिसाव्या शतकात ते शहरांतून, गावी परतणाऱ्या सैनिकांकडून आणि मजुरांकडून खेड्यात उतरले. खेड्याने त्याला आपल्या पावलांत बसवले, आपली गाणी जोडली आणि दोन पिढ्यांत ते ‘आजोबांच्या वेळचे’ होऊन गेले. आर्खांगेल्स्कच्या वृंदात ही क्वाड्रिल मोठ्या प्रेमाने करतात. परंपरेत बाहेरून काही येऊच नये असे मानणाऱ्यांनी या नृत्याकडे जरूर पाहावे.

वाद्यवृंदाबाबतही असेच. बालालाइका जुनी खरी, पण मंचावर दिसणारी घडीव, निरनिराळ्या आकारांची बालालाइका वासिली आन्द्रेयेव्ह यांनी १८८०च्या दशकात कारागिरांकडून घडवून घेतली. त्यांच्या मंडळाचा पहिला जाहीर कार्यक्रम १८८८ सालचा. बायान हे बटनांचे अकॉर्डियन तर १९०७चे, पीटर्सबर्गच्या प्योत्र स्तेर्लिगोव्ह यांच्या हातचे. उत्तरेच्या बायका शतकानुशतके वाद्यांविनाच गात आल्या, आणि आजही या वृंदाच्या कार्यक्रमातला सर्वांत भारदस्त क्षण साथीविना गायलेल्या गाण्याचाच असतो.

गायन, नृत्य आणि वाद्यवृंद असा तिपेडी साचा मात्र मॉस्कोतून आला. मित्रोफान प्यात्नित्स्की या लोकगीतप्रेमी माणसाने १९११ साली वोरोनेझ, र्‍याझान आणि स्मोलेन्स्क प्रांतांतले शेतकरी मॉस्कोत आणून उमरावांच्या सभागृहात गायला लावले. ते शेतकरीच होते. कार्यक्रम झाला की शेतीवर परत जात. प्यात्नित्स्की १९२७मध्ये गेले. १९३०च्या दशकात त्यांच्या वृंदाचे रूप बदलले: संगीतकार व्लादिमीर झाखारोव्ह यांनी नवी गाणी रचली आणि १९३८मध्ये तात्याना उस्तिनोवा यांनी नृत्यपथक व वासिली ख्वातोव्ह यांनी वाद्यवृंद उभा केला. हाच नमुना देशभर गेला. नवलाची गोष्ट म्हणजे यातले बरेच वृंद ऐन महायुद्धात जन्मले. वोरोनेझ शहर जर्मनांनी अर्धे व्यापले असताना कोन्स्तान्तिन मास्सालितिनोव्ह यांनी जवळच्या आन्ना गावात गायक गोळा केले आणि १ जानेवारी १९४३ला पहिला कार्यक्रम केला. चार ओळींची चटकदार ‘चास्तूश्का’ गाणाऱ्या मारिया मोर्दासोवा याच वृंदातून देशभर गाजल्या. त्याच वर्षी स्वेर्दलोव्स्कमध्ये लेव्ह ख्रिस्तियान्सेन यांनी उरल वृंद स्थापला. युद्धकाळात सरकारला लोकगीतांची गरज कळली, आणि लोकांना ती आधीपासून होतीच.

कोलोतिलोवांनी १९३१ मध्ये आर्खांगेल्स्कमध्ये वृंद नव्याने बांधला, आणि १९४०च्या फेब्रुवारीत त्याला व्यावसायिक दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. गायिका मालगाडीच्या डब्यांतून फिरल्या, जमिनीखालच्या खंदकांत राहिल्या आणि वोल्खोव व करेलियाच्या आघाड्यांवर, नौदलाच्या तळांवर, रुग्णालयांत गायल्या. कोलोतिलोवांना १९४९ साली स्तालिन पारितोषिक मिळाले.

या मानसन्मानाला एक किंमतही होती आणि प्रस्तावनेत ती झाकणे योग्य होणार नाही. त्या काळात लोककलावंतांकडून नव्या राजवटीचे गुणगान अपेक्षित असे. श्वेत समुद्राच्या हिवाळी काठावरच्या मार्फा क्र्युकोवा या थोर आख्यानगायिकेनेही पुराण्या गाथेच्या घाटात लेनिनवर रचना केली. गाथेचा साचा तोच होता, पण पिढ्यांच्या घासणीतून येणारी चमक त्यात नव्हती. वृंदांच्या कार्यक्रमांतही सामूहिक शेतीचे आणि नेत्यांचे गौरव आले, धार्मिक आणि विधींशी बांधलेला भाग मागे सरला. तरीही आर्खांगेल्स्कमध्ये जुन्या गाण्यांचा गाभा टिकला. याचे श्रेय कोलोतिलोवांच्या हट्टाइतकेच त्या गायिकांना जाते. त्या खेड्यांतून आल्या होत्या, गाणी पोटात घेऊन आल्या होत्या.

मग पुढची पिढी आली आणि खरी कसोटी लागली. मुलींच्या घरी आता रेडिओ होता, शाळेत मॉस्कोची प्रमाण भाषा होती. गोल ‘ओ’ त्यांच्या तोंडून गळू लागला होता. १९६० साली वृंदाची सूत्रे नीना मेश्को यांच्याकडे आली. त्या आर्खांगेल्स्क मुलखातल्याच, १९१७चा जन्म, मॉस्कोत संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्यांनी ओळखले की आता नुसती गाणी देऊन भागणार नाही, गळा घडवावा लागेल. त्या बोलण्यापासून सुरुवात करत. आधी बोलीत ओळ म्हणायची, स्वर ओठांवर आणायचा, मग बोलणे हळूहळू लांबवत गाण्यात न्यायचे. मॉस्कोच्या ग्नेसिन संस्थेत त्यांनी लोकगायनाचे शिक्षकही तयार केले. २००८ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, त्यांनी हा वृंद सांभाळला. कोलोतिलोवांनी पाया घातला, पण खेड्याशी नाळ सैल झाल्यावरही गळा उत्तरेचाच राहिला तो मेश्को यांच्यामुळे, असे मत इथे ठामपणे मांडावेसे वाटते.

या साऱ्या वृंदांवर एक मोठा आक्षेप घेतला गेला, आणि तो गंभीर आहे. १९७३ साली दिमित्री पोक्रोव्स्की यांनी मॉस्कोत आपला छोटा गट स्थापला. ते खेड्यांत जाऊन म्हाताऱ्यांसमोर बसत आणि त्यांचा उच्चार, त्यांची ओरड, त्यांचा खडबडीतपणा तसाच उचलत. त्यांच्या दृष्टीने सरकारी वृंद म्हणजे इस्त्री केलेले खेडे होते. खेड्यातल्या बायका गाताना एकमेकींकडे तोंड करून गोल उभ्या राहतात. मंचावर त्या ओळीने प्रेक्षकांकडे तोंड करतात, आणि तिथेच गाण्याचा हेतू बदलतो. पोक्रोव्स्कींच्या मागोमाग कितीतरी तरुण गट उभे राहिले आणि खेड्याच्या गाण्याकडे पाहण्याची शहराची दृष्टी बदलली.

आक्षेपात तथ्य असूनही तो सगळ्यांना सारखा लागू होत नाही. काही वृंद खरोखर गुळगुळीत झाले; कोणत्या प्रांताचे, ते निवेदकाने सांगितल्याशिवाय कळत नाही. आर्खांगेल्स्कच्या वृंदाची गोष्ट वेगळी. तिथे नृत्यदिग्दर्शकांनी मेळ्यांचे फेर मंचासाठी बांधताना वेग वाढवायचा मोह बराच आवरला. पाऊल वाहतेच राहिले. आणि मंचावर ओळीने उभ्या राहिलेल्या बायका साखळी श्वास घेतात तेव्हा त्या प्रेक्षकांकडे बघत असल्या तरी ऐकत एकमेकींनाच असतात.

या परंपरेशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याने ऐकण्याचा क्रम थोडा उलटा ठेवावा. क्वाड्रिल आणि रंगीबेरंगी मेळ्यांची दृश्ये पाहण्याआधी साथीविना गायलेली दोन-तीन संथ गाणी ऐकावीत, तीही मेश्को यांच्या काळातल्या मुद्रणांतली. पहिल्या ऐकण्यात शब्दांच्या अर्थामागे लागू नये. गाणे कोण उचलते, बाकीच्या कुठे सामील होतात आणि ओळीच्या टोकाला आवाज कसे एकत्र येतात, एवढेच पाहावे. मग वोरोनेझच्या वृंदाचे एखादे गाणे लावावे. दोन्हींतले अंतर पाच मिनिटांत कानाला पटते, आणि पिनेगा, मेझेन, पेचोरा ही नावे नकाशावर शोधायला आपोआप हात जातो.